आरएफआयडीत पैसे घालण्याआधी स्वतःच्या मालावर चाचणी मागा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) तुमचं गोदाम असेल आणि आरएफआयडीचं, म्हणजे मालावर टॅग लावून तो रेडिओ लहरींनी दुरूनच वाचण्याच्या यंत्रणेचं, कोटेशन हातात आलं असेल, तर टॅगच्या दरावर घासाघीस करण्याआधी एक आकडा काढा: माल शोधण्यात, मोजण्यात आणि चुकीचा माल पाठवण्यात वर्षाला किती पैसे जातात? आकडा लहान असेल तर बारकोड पुरेसा आहे, सरळ नाही म्हणा.

मोठा निघाला तर चाचणी तुमच्याच जागेत, तुमच्याच मालावर मागा. डेमोतली पुठ्ठ्याची खोकी पटापट वाचली जातात. आपल्याकडे मात्र व्हॉल्व्ह, पंप आणि केमिकलचे ड्रम असतात. धातू या टॅगच्या यूएचएफ रेडिओ लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. व्हॉल्व्हच्या अंगावर साधा स्टिकर टॅग चिकटवला, तर रीडर (टॅग वाचणारं यंत्र) अगदी जवळ नेऊनही तो वाचला न जाण्याची शक्यता असते. धातूसाठीचे खास टॅग मिळतात, पण बरेच महाग पडतात. क्रेट, साचे, ट्रॉल्या अशा पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या वस्तूंवर ते परवडतात, कारण तोच टॅग वर्षानुवर्षं चालतो. एकदाच विकल्या जाणाऱ्या स्वस्त मालावर माझ्या मते नाहीच.

रीडर भारतासाठीचा, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे फास्टॅगच्याच पट्ट्यातला हवा. अमेरिकेसाठीचा ९०२ ते ९२८ वाला स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. शिवाय टॅली किंवा ईआरपीशी (कंपनीचा हिशेब-साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशी) जोडणी, दरवर्षीचा एएमसी (देखभालीचा करार) आणि टॅग लावणाऱ्या माणसाचा पगार कोटेशनमध्ये धरलाय का, हे लेखी विचारा.