टायरची हवा हळूहळू उतरतेय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात मावळातल्या चिखलवाटांवरून थार फिरवून आणली, धुतली आणि लावून ठेवली. चार दिवसांनी बघतो तर मागचं डावं चाक किंचित बसलेलं. ३२ पीएसआय भरलेली हवा २४ वर आली होती. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात फिरवला, "काही नाही" म्हणाला आणि हवा भरून दिली. आठवड्याने पुन्हा तेच. मग दुसऱ्या एका दुकानात नक्षीतला अडकलेला खडा काढला, त्या जागी सुई घालून रबराची वात ठोकली. म्हणजे चांगल्या टायरला भोक पडलं आणि गळती होती तिथेच राहिली. शेवटी टायर उतरवला, तेव्हा रिमच्या आतल्या कडेवर सुकलेल्या मातीचा पापुद्रा सापडला.

जागा सापडल्याशिवाय दुरुस्ती करू देऊ नका. या दुखण्यात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

बीडकडे कुणी बघत नाही

ट्यूबलेस टायरची कड, म्हणजे बीड, रिमला चिकटून राहते ती आतल्या हवेच्या दाबामुळे. चिखलात पकड यावी म्हणून आपण हवा १८ पर्यंत उतरवतो. तेवढ्या कमी दाबावर जोरात वळण घेतलं किंवा चाक दगडावर तिरकं दाबलं गेलं, की बीड क्षणभर सरकते आणि तेवढ्यात माती, गवताची काडी आत शिरते. नंतर हवा भरली की बीड त्या कचऱ्यावरच बसते. बाहेरून काही दिसत नाही, आणि केसाएवढ्या फटीतून रोज दोन पीएसआय निघून जातात. म्हणून चिखलवाटेवरून आल्यावर हवा उतरत असेल, तर खिळा शोधण्याआधी बीड आणि व्हॉल्व्ह तपासा.

तपासण्याची घाई करू नका. चाक काढून आडवं ठेवा आणि हवा ३५ पर्यंत भरा. रिम आणि टायर जिथे भेटतात त्या खाचेत भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी गोलाकार ओता. मग दहा मिनिटं थांबा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते. हळू गळतीचा मात्र बारीक पांढरा फेस साचतो, तोही उशिरा. पाण्याच्या टाकीत चाक भराभरा फिरवलं की नेमका हाच फेस निसटतो. एक बाजू झाली की चाक उलटं करून दुसरी बघा. आतली बाजू टाळू नका, माझी गळती तिथेच होती.

व्हॉल्व्हवर साबण लावून तो बोटाने चारी बाजूंना हलवून बघा. रबर कडक होऊन तडकलं असेल, तर फेस फक्त वाकवल्यावरच येतो. आतली पिन सैल असेल तर ती हलक्या हाताने आवळा. ताकद लावली तर तिचं सील फाटतं. आणि व्हॉल्व्हची टोपी हरवू देऊ नका. टोपी नसली की पिनेवर चिखल बसतो आणि हवा भरताना तोच आत ढकलला जातो.

साफसफाई करताना

बीड गळत असेल तर टायर उतरवून रिमची कड घासावीच लागते. लोखंडी रिमचा गंज तारेच्या ब्रशने निघतो. अलॉयवर तारेचा ब्रश चालवू नका, चरे पडतात आणि त्या चऱ्यांतूनच पुन्हा हवा जाते. तिथे नायलॉनचा ब्रश वापरा. टायर चढवताना ग्रीस किंवा डिझेल लावण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ठामपणे नको म्हणा. तेलाने रबर फुगतं, सैल पडतं. टायर चढवण्याची साबणपेस्ट मिळते, तीच योग्य.

दगडावर आपटून लोखंडी रिमची कड वाकली असेल, तर चाक हवेत उचलून फिरवल्यावर कड डुलताना दिसते. अलॉयला बारीक चीर असेल तर वेल्डिंग करून पैसे वाचवू नका. रिम बदला.

झटपट उपाय

बीड किंवा रिम गळते म्हणून ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकली, की खराबी झाकली जाते आणि टायर जास्त तापतो. सीलंट, म्हणजे गळती बुजवणारं द्रव, ओतलं की व्हॉल्व्हची पिन चिकटते आणि नंतर आत पॅच लावणं अवघड होतं. जंगलात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरतं ते ठीक आहे. बाहेरून ठोकलेली वातही तेवढ्यापुरतीच. पक्की दुरुस्ती म्हणजे टायर उतरवून आतून लावलेला मशरूम पॅच (छिद्रात बसणारा दांडा असलेलं छत्रीसारखं ठिगळ), आणि तोही फक्त नक्षीच्या भागात. बाजूच्या भिंतीला छिद्र असेल तर टायर बाद.

कमी हवेवर बराच वेळ पळालेल्या टायरच्या आत काळी रबरी भुकटी दिसली, तर भिंत आतून चिरडली गेली आहे. असा टायर कितीही नवा असला तरी परत चढवू नका.

मोजमापातही फसगत होते. तापमान दहा अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. डिसेंबरात पुण्यात दुपारी भरलेली हवा पहाटे दोन-तीन पीएसआयने कमी दिसली, तर ती गळती नव्हे. रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, त्याच गेजने मोजा आणि बाकीच्या तीन चाकांशी ताडून बघा. एकच चाक उतरत असेल तरच ते खोला. मागच्या दारावरच्या स्टेपनीलाही गेज लावा. माझ्या गाडीवर ती त्या दिवशी १९ वर होती.