जुन्या जपानी ॲनिमेच्या धाटणीत वळवाची दुपार कशी रंगवावी

दूरदर्शनवर लागायचा तो मोगली ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा रंग ओळखीचा आहे. ती मालिका जपानमध्ये १९८९ साली आली. तेव्हाचं जपानी ॲनिमेशन दोन वेगळ्या थरांतून उभं राहायचं. मागं कागदावर पोस्टर कलरनं रंगवलेलं दृश्य, पुढं पारदर्शक प्लास्टिकवर सपाट रंगात भरलेलं पात्र. दोन्ही एकावर एक ठेवायचे आणि वरून कॅमेऱ्यानं फिल्मवर टिपायचे. मागचं ओलसर आणि मऊ, पुढचं कडक आणि सपाट, वरून फिल्ममुळं सगळं जरासं विटलेलं: ज्या जुनेपणाची ओढ वाटते तो एवढ्यातच आहे. तयार चित्रावर मोबाईलचा फिल्टर चढवून तो येत नाही, थर वेगळे रंगवले की येतो.

विषयासाठी चेरीच्या झाडांपर्यंत जायची गरज नाही. त्या चित्रांतला उन्हाळा म्हणजे उंच चढलेला पांढरा ढग, झाडाखालची गडद सावली आणि रिकामा रस्ता. मे महिन्यात बीड-केजकडं दुपारी वळवाचा ढग चढू लागला की हेच दिसतं. तेव्हा दृश्य असं घेऊ: गावाबाहेरचा एसटी थांबा, शेजारी कडुलिंबाचं झाड, लांबवर बालाघाटाची सपाट माथ्याची रांग, आणि थांब्यावर दप्तर घेऊन उभी असलेली एक मुलगी.

कागद किमान २०० जीएसएम जाडीचा हवा, ३०० चा असला तर उत्तम. पातळ कागद आकाशाच्या पहिल्याच हाताला फुगतो. ए-४ कागदावर २४ × १८ सेंटिमीटरची चौकट आखा. जुन्या टीव्हीच्या पडद्याचं ४:३ हे प्रमाण त्यात नेमकं बसतं, आणि अर्धा परिणाम या आखूड चौकटीचाच असतो. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपनं फळीवर चिकटवा. रंग साधे पोस्टर कलर. जपानमधले नावाजलेले पार्श्वचित्रकार काझुओ ओगा यांचं कामही पोस्टर कलरमधलंच आहे, त्यामुळं शाळेतले रंग म्हणून नाक मुरडू नका. पांढऱ्याच्या दोन बाटल्या, अल्ट्रामरीन, आकाशी, लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमझन, बर्न्ट सिएना आणि सॅप ग्रीन एवढे पुरतात. काळी बाटली कपाटातच राहू द्या. ब्रश चार: एक इंची मऊ चपटा, आणि गोल १०, ६ व १ नंबरचे.

पाण्याकडं मात्र बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार गडद रंग वाळल्यावर पांढुरके होऊन वर येतात आणि सावल्या पिठाळ दिसतात. रंगाला फिल्टरचं पाणी घ्या, ब्रश धुवायला बोअरचं चालेल.

आकाश सगळ्यात आधी आणि एका दमात. तीन वाट्यांत रंग अगोदरच कालवून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही. वरच्या भागासाठी दोन भाग अल्ट्रामरीन आणि एक भाग पांढरा. मधल्यासाठी एक भाग आकाशी आणि दोन भाग पांढरा. क्षितिजाजवळ चार भाग पांढरा, एक भाग आकाशी आणि ब्रशच्या टोकावर येईल इतका ऑकर. हा ऑकर वगळलात तर आकाश समुद्रकाठचं होतं. आपल्याकडं मे महिन्यात खालच्या आकाशात धूळ असतेच. रंग ताकाइतका दाट असावा. स्वच्छ पाण्यानं कागद दोनदा ओला करा, पाण्याची चकाकी जाऊन नुसता ओलसरपणा उरला की वरून खाली आडवे हात मारत या. दोन रंगांच्या सीमेवर ब्रश पुसून, कोराच, डावीकडून उजवीकडं दोन-तीन वेळा फिरवा.

इथंच बहुतेकांचं बिघडतं, आणि कारण हवेत असतं. चाळीस अंशाच्या दुपारी, त्यात कूलरचा झोत अंगावर घेऊन बसलात, तर रंग मिसळण्याआधीच वाळतो आणि आकाशात पट्टे उमटतात. आकाशाचं काम सकाळी उरका, पंखा-कूलर बंद ठेवून. पट्टे पडलेच तर ओल्या रंगावर पुन्हा ब्रश घासू नका, खालचा थर सुटून डाग पडतो. पूर्ण वाळू द्या आणि सबंध आकाश नव्यानं ओढा. पोस्टर कलर झाकणारा असल्यानं दुसरा हात पहिल्याला सहज गिळतो. आणखी एक खोड ध्यानात ठेवा: फिके रंग वाळल्यावर थोडे गडद होतात, गडद रंग थोडे फिके. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका त्याच कागदाच्या तुकड्यावर वाळवून बघा.

ढगाला तीन छटा पुरतात. पहिली सावलीची: पांढऱ्यात अल्ट्रामरीन आणि किंचित क्रिमझन, म्हणजे जांभळट राखाडी. हिनं ढगाचा सगळा आकार भरा. बूड आडवं आणि सपाट, माथा गोल-गोल चढत गेलेला. मग मधली छटा, त्याच मिश्रणात दुप्पट पांढरा घालून. शेवटी उजेडाची: पांढऱ्यात लेमन यलो आणि व्हर्मिलियनचा अगदी स्पर्श. उन्हाच्या बाजूची कडा धारदार ठेवा, बुडाची कडा ओल्या ब्रशनं आकाशात विरवा. सगळ्या कडा मऊ केल्या की ढग धुरासारखा लोळतो, सगळ्या धारदार ठेवल्या की कातरून चिकटवल्यासारखा दिसतो. पांढरा दाट घ्या आणि एकाच फटक्यात ठेवा. घोळवत बसलात तर खालचा निळा वर येऊन मळकट होतो. निव्वळ पांढरा फक्त माथ्यावर, दोन-तीन ठिकाणी.

डोंगराची रांग ढगाच्या सावलीच्याच रंगात, थोडा आकाशी वाढवून, एका सपाट हातात. तपशील नको. अलीकडचं रान काळं म्हणून काळं रंगवू नका. उन्हात भेगाळलेली काळी माती राखाडी-तपकिरी दिसते: बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि बराचसा पांढरा. बांधावर कडब्याची गंज दाखवायची तर ऑकर आणि पांढरा.

लिंबाचं झाड पानापानानं काढायला गेलात तर दिवस जातो आणि झाड होत नाही. आधी सॅप ग्रीन, अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सिएना यांच्या गडद हिरव्यानं सगळा डेरेदार आकार भरा, मध्ये आकाशाची भोकं सोडा. वाळल्यावर मधला हिरवा, पण फक्त वरच्या बाजूच्या झुबक्यांवर. मग १० नंबरचा ब्रश जवळपास कोरडा करून केस फाकवा आणि सॅप ग्रीन, लेमन यलो व पांढऱ्याचे हलके ठोके द्या. लिंबाची बारीक पानं या फाकलेल्या केसांतून आपसूक उतरतात. वडा-पिंपळाला ही युक्ती चालत नाही. झाडाखालची सावली जांभळट तपकिरी धरा आणि तिच्यात उन्हाचे लंबगोल कवडसे ऑकर-पांढऱ्यानं ठेवा. थांब्याच्या भिंतीलाही हाच नियम: सावली म्हणजे मूळ रंगात काळा नव्हे, मूळ रंगात अल्ट्रामरीन आणि क्रिमझन. एसटी दाखवणार असाल तर उन्हातला लाल व्हर्मिलियनचा, सावलीतला क्रिमझनचा.

आता पात्र. मुलीचं रेखाचित्र कागदावर सारख्या जाडीच्या रेषेत पक्कं करा आणि झेरॉक्सच्या दुकानात ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर, त्याची प्रत काढून घ्या. स्टुडिओतही कागदावरची रेषा बहुतेक वेळा यंत्रानंच प्लास्टिकवर उतरवली जायची, त्यामुळं ही पळवाट नाही. शीट लेझर मशीनला चालणारीच मागा. साधं प्लास्टिक मशीनच्या उष्णतेनं आत वितळतं आणि दुकानदार पुन्हा दारात उभं करत नाही.

रंग शीटच्या मागच्या बाजूनं भरायचा, म्हणजे पुढची रेषा शाबूत राहते. इथं पोस्टर कलर चालत नाही, वाळल्यावर प्लास्टिकवरून खपल्या निघतात, ॲक्रिलिक घ्या. मागून भरताना क्रम उलटा होतो, कारण आधी लावलेलं तेच पुढून दिसतं. डोळ्यातला चमकीचा ठिपका पहिला, मग बुबुळ, मग डोळ्याचा पांढरा. तसंच अंगाची सावली आधी, तिच्या कडेपर्यंत नेमकी. मूळ रंग नंतर, तो सावलीवर चढला तरी पुढून कळत नाही. प्रत्येक वस्तूला दोनच छटा, मध्ये विरवणं नाही. ब्रशचे फटके दिसत असतील तर रंग घट्ट आहे. थेंबभर पाणी घाला आणि ओढण्याऐवजी तो ढकलत पसरू द्या. वाळल्यावर शीट उजेडासमोर धरा, भोकं दिसतील तिथं दुसरा हात.

कातडीचा रंग परदेशी चित्रांवरून उचलू नका. फिकट गुलाबी मुलगी केजच्या थांब्यावर उपरी वाटते. बर्न्ट सिएना, ऑकर आणि पांढरा हा पाया, सावलीसाठी त्यातच क्रिमझन आणि अगदी थोडा अल्ट्रामरीन.

शीट दृश्यावर ठेवून फोटो फ्रेमची काच वरून दाबा, नाहीतर फुगलेल्या जागी पात्राची दुहेरी सावली पडते. फोटो सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल कागदाला समांतर धरून काढा. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर मोबाईलमागं काळं कापड धरा. नंतरचे बदल मोजकेच: कॉन्ट्रास्ट थोडा कमी, काळा भाग जरा फिका, किंचित तांबूस झाक आणि फिल्मवर दिसतो तसा बारीक दाणा. तांबूस झाक उगाच नाही. जुन्या रंगीत फिल्मच्या प्रतींमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि लालसर मागं उरतो. दाणा चटकन नजरेत भरला तर तो जास्त झाला.

रंगवलेल्या शीट एकावर एक रचू नका. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ॲक्रिलिक मऊ पडून शेजारच्या शीटला चिकटतं आणि सोडवताना सोलून निघतं. मध्ये बटर पेपर घाला, आणि गठ्ठा उभा ठेवा.