बायबल जर्नलिंग करताय? या चुका टाळा

बायबल जर्नलिंग म्हणजे बायबलच्या समासात किंवा वहीत वचन लिहून ते चित्रांनी, रंगांनी सजवणं. ते करणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार कागदाची असते. आपल्या पवित्र शास्त्राचं पान इतकं पातळ की जेल पेनची शाई मागच्या वचनावर उतरते, अल्कोहोल मार्कर तर पुढची पानंही रंगवतो. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून नवी रंगपेटी आणली की हात शिवशिवणारच, पण आधी शेवटच्या कोऱ्या पानावर एक रेघ ओढून बघा. रंगीत पेन्सिल सगळ्यात बिनधोक. शाई उतरलीच तर व्हाइटनर फासू नका, तो वाळला की तडकतो. त्यापेक्षा समासात कागदाची छोटी चिठ्ठी चिकटवा, तीही ग्लू स्टिकने, कारण ओल्या गोंदाने पान सुरकुततं.

खरं तर मराठी बायबलचा समास चित्रासाठी फारच अरुंद. वॉटरकलर करायचाच असेल तर दीडशे जीएसएमपेक्षा (कागदाच्या वजनाचं माप) जाड कागदाची वेगळी वही घ्या आणि वचन हाताने उतरवून काढा. उतरवताना ते जितकं वाचलं जातं, तितकं नुसत्या अधोरेखनाने जात नाही.

नागपुरात आणखी एक अडचण, कुलर. मे महिन्यात त्याच्यासमोर बसून रंगवलं की दमट हवेने कागद वाकतो, आणि कुलर बंद केला तर अ‍ॅक्रिलिक रंग पॅलेटवरच वाळून जातो. त्यामुळे सकाळी लवकर, पंख्याखाली बसा. पावसाळ्यात अ‍ॅक्रिलिकची पानं एकमेकांना चिकटतात, मध्ये बटर पेपर ठेवा.

आणि आजीच्या बायबलला हात लावू नका. पहिल्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं लिहिलेली असतात. ती पानं सजवायची नसतात.

वचन अर्धं तोडणं ही चूक मला कागदाच्या चुकीपेक्षा मोठी वाटते. यिर्मया 29:11 घ्या. ‘भविष्य आणि आशा’ हे शब्द, मागे उगवता सूर्य, भोवती फुलं. असं पान दर दुसऱ्या वहीत सापडतं. पण हे वचन यिर्मयाच्या पत्रातलं, आणि ते पत्र बाबेलात बंदी करून नेलेल्या यहुद्यांना होतं, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायचं आहे. त्याआधी, पाचव्या वचनात, घरं बांधा, मळे लावा, असं सांगितलंय. मग सूर्याऐवजी परक्या गावातलं वांग्यांचा वाफा काढा की! फिलिप्पै 4:13 चंही (ख्रिस्ताच्या बळावर मी सर्वकाही करू शकतो) तसंच. त्याच्या आधीच्या वचनात भूक आणि टंचाई आहे, आणि लिहिणारा पौल बंदिवासात आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ते वचन सोनेरी अक्षरात काढायला हरकत नाही, फक्त वरची दोन वचनं वाचून घ्या.

दुसरी अशी चूक म्हणजे फक्त आनंदाचीच पानं. नोकरी गेली, घरात आजारपण आलं की वही महिनोन्‌महिने कोरी राहते, कारण देवाजवळ गाऱ्हाणं मांडणं अविश्वासाचं वाटतं. मग बायबलमधली स्तोत्रं रचणाऱ्यांचं काय करायचं? स्तोत्र 13 पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर’ विचारतं. स्तोत्र 88 तर अंधारावरच संपतं, शेवटी समाधानाची ओळ नाही. हात अडला तर तेवढंच करा: ‘कोठवर?’ हा एक शब्द लिहा आणि खाली तुमचा प्रश्न. रंग नसला तरी चालेल. सुटलेले दिवस मागाहून भरत बसू नका, आजची तारीख टाका आणि पुढे चला.

मोबाइलवरची इंग्रजी कॅलिग्राफी गिरवत राहणं हीही सवय सोडा, आपल्याकडचंच रूप वापरा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेत. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंगात, ओवीत गायलं. चित्रकार अँजेलो दा फोन्सेका (1902–1967) यांनी मरियेला साडी नेसवली. तुमच्या समासात रांगोळीचे ठिपके किंवा पळसाची फुलं का नकोत?

शेवटची गोष्ट फोटोंची. प्रार्थनासभेत कुणी सांगितलेला विषय वहीत नावानिशी लिहिला आणि पान स्टेटसला टाकलं, की त्या घरची दुखणी सगळ्या मंडळीत पोहोचतात. नावाऐवजी आद्याक्षर लिहा. फोटो काढायचाच असेल तर चित्राचा काढा, लिहिलेला भाग हाताने झाका.