अतिवेगवान स्पोर्ट्स कारमध्ये हव्या असलेल्या सुधारणा कंपनीपुढे कशा मांडाव्यात: सोलापूरच्या मालकांसाठी

सोलापुरात अतिवेगवान स्पोर्ट्स कार बाळगणारे मोजकेच आहेत. पण होटगी रोडवर किंवा जुळे सोलापुरात अशा दोन गाड्यांचे मालक एकत्र आले, की कंपनीने काय काय सुधारायला हवे याच्या चर्चेला तोटा नसतो. अडचण अशी, की या चर्चेतले फारच थोडे कंपनीच्या अभियंत्यापर्यंत पोहोचते आणि जे पोहोचते तेही ‘गाडी खाली आहे’, ‘गरम होते’ अशा मोघम रूपात. एवढ्यावरून अभियंत्याला काहीच ठरवता येत नाही. गाडी कुठे, किती वेगाला, किती तापमानात आणि किती वेळा अडली हे कळले, तरच त्याच्या हाती काही लागते. म्हणून कंपनीला उपाय सुचवण्याआधी अडचणीची स्थिती सांगावी आणि ती मोजून सांगावी. पुढची सारी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

मालकांच्या म्हणण्याने गाड्या खरोखर बदलतात, याचे दाखले आहेत. पोर्शने २०१३ मध्ये आणलेली ९११ जीटी३ केवळ ऑटोमॅटिक पीडीके गिअरबॉक्ससह मिळत असे. हाताने गिअर बदलण्याची आवड असलेल्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्सचा पर्याय परत आला. शेव्हरोलेच्या २०१५ च्या कॉर्व्हेट झेड०६ बद्दल उन्हाळ्यात ट्रॅकवर गाडी तापून ताकद कमी होत असल्याच्या तक्रारी आल्या. २०१७ च्या मॉडेलला मोठ्या झरोक्यांचे नवे बोनेट मिळाले. निसान जीटी-आर २००७ मध्ये ४८० पीएस (पीएस म्हणजे ताकद मोजण्याचे एकक) ताकदीने सुरू झाली आणि २०१७ च्या मॉडेलमध्ये ५७० पीएसपर्यंत गेली, पण त्याच वर्षी डॅशबोर्डवरची बटणे २७ वरून ११ वर आणली गेली आणि गिअर बदलण्याच्या पट्ट्या स्टिअरिंगच्या दांड्यावरून थेट चाकावर आल्या. रोजच्या वापरात हाताला जाणवणाऱ्या या दोन बदलांचे मोल मला वाढलेल्या ताकदीपेक्षा कमी वाटत नाही.

आधी वर्गवारी

मागणी लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक अडचण तीनपैकी कोणत्या गटात पडते ते ठरवावे. काही गोष्टी गाडीच्या सेटिंगमधून किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर बदलून सुटतात. काही देखभालीच्या असतात: ब्रेकचे पेडल लांब जाते अशी तक्रार करताना ब्रेक ऑइल चार वर्षे बदललेलेच नाही असे निघते. हे तेल हवेतील ओलावा शोषते, मग ते लवकर उकळते आणि पेडल लांब जाते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शिरलेल्या तेलासाठी तीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. ते दर दोन वर्षांनी बदलण्याचा शिरस्ता पाळल्यावरही पेडल लांब जात असेल, तरच कंपनीकडे बोट दाखवावे. उरलेल्या अडचणी रचनेच्या. कंपनीला लिहायचे ते फक्त त्यांच्याबद्दल. हा गाळणीचा भाग कंटाळवाणा आहे खरा, पण तो टाळला तर यादीतल्या पहिल्या दोन मुद्द्यांवरच सर्व्हिस मॅनेजर संपूर्ण यादी बाजूला ठेवतो.

गतिरोधक आणि जमिनीपासूनची उंची

सोलापूरच्या मालकांची पहिली मागणी बहुधा हीच असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तसा तो असेल तर अनेक स्पोर्ट्स कार सावकाश पार होतात. गल्लीबोळांत आणि सोसायट्यांच्या दारात मात्र तेवढ्याच उंचीचा उंचवटा हातभर रुंदीत उभारलेला आढळतो, आणि तिथे गाडी अडकते. कंपनीच्या माहितीपत्रकातील ग्राउंड क्लीअरन्सचा आकडा येथे पुरेसा नाही, कारण गाडी पुढच्या कडेला घासते की पोटाला, हे त्यातून कळत नाही. पुढच्या कडेचा प्रश्न बंपर आणि पुढचे चाक यांच्यातील अंतराचा असतो, तर पोटाचा प्रश्न पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतराचा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

हे तपासण्याची सोपी रीत अशी. पहाटे, रस्ता मोकळा असताना आणि गाडी थंड असताना, पुढच्या बंपरच्या खालच्या कडेवर आडवी कागदी चिकटपट्टी लावावी आणि गाडीखालच्या आवरणाच्या मध्यभागी तशीच दुसरी पट्टी लावावी. गतिरोधकाच्या माथ्यावर ओल्या खडूचा जाड थर द्यावा. मग एका जाणत्या माणसाला बाजूला उभे करून, चालण्याच्या वेगाने गाडी आधी सरळ आणि नंतर थोडी तिरकी न्यावी. खडू कोणत्या पट्टीवर उमटला, ते पट्ट्या काढून पाहावे आणि पट्टीवर जागा, तारीख आणि गाडीत किती माणसे होती ते लिहून ठेवावे. नंतर गतिरोधकाची उंची आणि रुंदी टेपने मोजावी. असे पाच-सहा ठिकाणचे पुरावे जमले की ‘गाडी खाली आहे’ या वाक्याच्या जागी ‘१२ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद गतिरोधकावर, दोन माणसे बसलेली असताना, पोटाचा मधला भाग टेकतो’ असे वाक्य लिहिता येते.

खुणा पुढच्या कडेवर असतील तर गाडीचे नाक उचलणारी यंत्रणा मागणे रास्त आहे. ती काही कंपन्या जादा पैसे घेऊन देतात. २०२० च्या कॉर्व्हेटमध्ये ती नाक सुमारे ४० मिलिमीटर उचलते आणि जीपीएसच्या आधारे १,००० ठिकाणे लक्षात ठेवून तेथे आपोआप काम करते. तंत्र उपलब्ध आहे, तेव्हा भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीत ते मूळ किमतीत असावे, ही मागणी निःसंकोचपणे करावी. खुणा पोटावर असतील तर केवळ नाक उचलून काम भागणार नाही. तेव्हा चारही चाकांवर उंची वाढवणारे सस्पेन्शन किंवा गाडीखालील आवरणाला बदलता येणारी झीज-पट्टी मागावी. आवरणाचा अखंड पत्रा बदलण्यापेक्षा तळहाताएवढ्या चार पट्ट्या बदलणे मालकाला कितीतरी स्वस्त पडते, आणि माझ्या मते सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त समाधान देणारी सुधारणा हीच आहे.

उन्हाळा

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि डांबराच्या लगतची हवा त्याहून तापलेली असते. ४३ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, ही तूट हवा अधिक दाबून भरून काढतो, पण दाबलेली हवा आणखी तापते, आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो. ताकद घटते ती अशी. ही घट हवामानाची असते, तिला दोष म्हणता येत नाही. दोष तेव्हा म्हणावा, जेव्हा गाडी सिग्नलला थांबल्यावर तापते आणि चालू लागल्यावरही बराच वेळ निवत नाही.

हे तपासण्यासाठी साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे उपकरण, आणि सोबत बसून नोंदी करणारी व्यक्ती एवढे पुरते. दुपारी सात रस्ता चौकाच्या गर्दीतून जाताना बाहेरचे तापमान, इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान आणि कूलंटचे तापमान दर मिनिटाला लिहावे. मग पुणे रोडवर मोहोळच्या दिशेने एकसारख्या वेगाने जाताना तेच तीन आकडे पुन्हा लिहावेत. चालत्या गाडीत आत शिरणारी हवा बाहेरच्या तापमानाच्या जवळ लवकर येत असेल, तर इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) आपले काम करतो आहे असे समजावे आणि मागणी थांबलेल्या गाडीपुरती, म्हणजे पंख्यांच्या क्षमतेपुरती, मर्यादित ठेवावी. चालत्या गाडीतही कूलंटचा आकडा उतरत नसेल तर आधी रेडिएटर पाहावा.

याच ठिकाणी सोलापूरची एक खास गोष्ट आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना पाचटाचे तुकडे, धूळ आणि किडे बंपरच्या तोंडातून आत ओढले जातात. ९११ सारख्या गाडीत इंजिन मागे असले तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात, आणि त्यांच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. पाचट या दोहोंच्या सांदीत जाऊन बसते आणि ओलीने कुजते, बाहेरून मात्र काही दिसत नाही. टॉर्च धरून, डोके जमिनीला टेकवून पाहिले तर कंडेन्सरच्या खालच्या काठाशी मातीने माखलेला तपकिरी थर दिसतो. तो काढायचा तर बहुतेक वेळा बंपरच उतरवावा लागतो. म्हणून कंपनीकडे दोन गोष्टी मागाव्यात: बंपरच्या तोंडावर कारखान्यातूनच बसवलेली, काढून धुता येणारी बारीक जाळी, आणि बंपर न उतरवता त्या सांदीत हात पोहोचेल असे झाकण. जाळीमुळे हवेचा प्रवाह थोडा घटतो, असे उत्तर येईल. ते खरेही आहे. म्हणूनच जाळी बाहेरून घेऊन लावू नये, ती हवेच्या हिशेबासह कंपनीनेच द्यावी असे आग्रहाने लिहावे.

इंधन, टायर आणि हाताशी येणाऱ्या गोष्टी

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते, आणि उसाच्या आपल्या जिल्ह्याला इथेनॉल नवे नाही. प्रतिलिटर पाहता इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे या मिश्रणात साधारण सहा-सात टक्के ऊर्जा घटते. त्याहून महत्त्वाचे असे, की इथेनॉल ओलावा ओढून घेते, आणि स्पोर्ट्स कार आठवडेच्या आठवडे उभी असते. गाडीची पुस्तिका किंवा इंधनाच्या झाकणामागील चिठ्ठी आधी वाचावी. तेथे स्पष्ट उल्लेख नसेल तर चासी नंबर देऊन कंपनीकडून लेखी उत्तर मागावे: हे इंधन चालते का, चालत नसल्यास कोणते होज आणि सील बदलावे लागतील, त्यांची किंमत किती आणि वॉरंटीवर काय परिणाम होईल. तोंडी ‘काही होत नाही साहेब’ यावर समाधान मानू नये.

टायरच्या बाबतीत मागणी करण्यापूर्वी हवेचा दाब पहाटे मोजण्याची सवय लावावी, कारण तापमान सहा अंशांनी चढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो आणि दुपारी मोजलेला आकडा फसवा ठरतो. २०२० च्या नियमबदलानंतर टायर दुरुस्तीचे किट आणि दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या कारला स्टेपनी बंधनकारक राहिली नाही. कागदावर ते ठीक आहे. पण रात्री टेंभुर्णीच्या पुढे खड्ड्याने टायरची बाजू (साइडवॉल) फाटली तर किटमधला द्रव निरुपयोगी असतो. अशा वेळी गाडी फ्लॅटबेडवरूनच, म्हणजे सपाट ट्रकवर चढवूनच, न्यावी लागते. तेव्हा अरुंद का होईना, स्टेपनीचा पर्याय, किंवा निदान त्या मापाचा टायर ठरावीक दिवसांत मिळेल अशी लेखी हमी, ही मागणी यादीत वर ठेवावी.

स्क्रीनमध्ये दडवलेली एसीची आणि सस्पेन्शनची बटणे, डोळ्यांत भरणारी डॅशबोर्डची चकाकी, दुपारी तापणारे काळे सीट, या गोष्टी थोडक्यात पण जरूर लिहाव्यात. ताकद मात्र शेवटी घ्यावी. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर कारला ताशी १०० किलोमीटर आणि द्रुतगती मार्गावर १२० किलोमीटर एवढीच कमाल मर्यादा आहे. जास्तीच्या ताकदीला रस्त्यावर वावच नाही. जे मालक गाडी चेन्नईजवळच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर नेतात, त्यांनी ब्रेक, तेलाचे तापमान आणि टायर यांची वेगळी यादी करावी. ती रस्त्याच्या यादीत मिसळली तर दोन्हींचे वजन कमी होते.

मागणी लिहिणे आणि पोहोचवणे

प्रत्येक मुद्दा चार वाक्यांत बसवावा: काय घडते, कोणत्या स्थितीत घडते, मोजलेला आकडा कोणता आणि त्यामुळे गाडीचा कोणता वापर बंद पडतो. अपेक्षित उपाय सर्वांत शेवटी, एका ओळीत लिहावा. एका पत्रात पाचापेक्षा जास्त मुद्दे नसावेत. गाडी सर्व्हिसला पुण्याला किंवा हैदराबादला जाईल तेव्हा हे मुद्दे जॉब कार्डवर नोंदवून घ्यावेत आणि त्याची प्रत मागावी, कारण जॉब कार्डवर नसलेली तक्रार कंपनीच्या दप्तरी झालेलीच नसते. मग तीच प्रत आणि मोजमापे जोडून कंपनीच्या भारतातील ग्राहक विभागाला ईमेल करावा. एकाच मॉडेलचे दोन-तीन मालक असतील तर प्रत्येकाने आपापल्या गाडीचे आकडे देऊन स्वतंत्र पत्र पाठवावे. एकाच मजकुरावर सर्वांच्या सह्या घेण्यापेक्षा वेगवेगळ्या गाड्यांत तोच आकडा दिसणे अधिक बोलके ठरते.

ब्रेक, स्टिअरिंग, आग किंवा इंधनगळती यांच्याशी संबंधित काही आढळले तर ते सुधारणांच्या यादीत घालूच नये. तो सुरक्षेचा दोष आहे. गाडी चालवणे थांबवून त्याची तक्रार ताबडतोब आणि स्वतंत्रपणे करावी. सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार मोटर वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला आहे.

कंपनीचे उत्तर येईपर्यंत बाहेरच्या गॅरेजात स्प्रिंग बदलणे, सायलेन्सर काढणे किंवा संगणकाचे ट्यूनिंग करणे टाळावे. कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधील निकाल यांनुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. शिवाय बदललेल्या गाडीवर घेतलेली मोजमापे कंपनी ग्राह्य धरत नाही, आणि महिनोन्‌महिने जमवलेल्या नोंदी वाया जातात. आलेले प्रत्येक उत्तर, नकाराचेही, सर्व्हिसच्या फाइलला लावावे. पुढच्या वर्षीचे मॉडेल आले की त्याच गतिरोधकांवर, त्याच पट्ट्या लावून टेस्ट ड्राइव्ह घ्यावी आणि उमटलेल्या खुणा जुन्या खुणांशी ताडून पाहाव्यात.