रोमा चित्रपट बघताय? या चुका टाळा

रोमा म्हणजे युरोपात 'जिप्सी' म्हणून ओळखले जाणारे लोक. त्यांच्यावर सिनेमे करणारा फ्रेंच दिग्दर्शक टोनी गॅटलिफ. त्याचा 'गाजो दिलो' (१९९७) सुरू होतो तेव्हा एक फ्रेंच पोरगा रोमानियातल्या बर्फाळ रस्त्यानं एकटाच चाललेला असतो. जवळ एक कॅसेट. वारलेले वडील जिचं गाणं सारखं ऐकायचे, ती नोरा लुका त्याला शोधायचीय. आपणही तिची वाट बघत बसतो, आणि अर्ध्या तासात "काही घडतच नाही" म्हणून बंद करतो. पहिली चूक ही. शोध इथं नुसती खुंटी आहे. सगळी गंमत टांगलीय ती म्हाताऱ्या इझिदोरच्या घरात: पाहुण्याला तो आसरा देतो, आणि वस्तीतली माणसं या गोऱ्या पोरालाच चोर ठरवतात!

गॅटलिफच्याच 'ट्रान्सिल्वेनिया'त (२००६) नायिका पळून गेलेल्या प्रियकरामागे येते. तो भेटतो, तेही बऱ्यापैकी लवकर, आणि सरळ नाही म्हणतो. तिथं "संपला की सिनेमा" असं वाटलं तर थांबा. खरा तिथूनच सुरू होतो.

डब केलेली आवृत्ती तर नकोच. 'गाजो' म्हणजे रोमा नसलेला, 'दिलो' म्हणजे खुळा. त्या पोराला भाषा कळत नाही यावरच निम्मा सिनेमा उभा आहे. शिवाय मूळ आवाजात मराठी कानाला घबाड मिळतं. रोमांच्या भाषेत दोन ते पाच म्हणजे दुय, त्रीन, श्तार, पांज. पाण्याला पानी, नाकाला नाख, माणसाला मानुष. सात-आठ-नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या. हे ग्रीकांकडून, वाटेत उचललेले.

पण म्हणून लगेच "अरे, हे तर आपले बंजारेच!" असं म्हणू नका. भाषेचं मूळ भारतात आहे, खरंय. पूर्वज निघाले त्याला मात्र साधारण हजार वर्षं झाली. गॅटलिफचाच 'लाचो द्रोम' (१९९३) राजस्थानात सुरू होऊन इजिप्त, तुर्कस्तान, रोमानिया करत स्पेनला पोचतो, त्यामुळे तो माहितीपट समजून बघितला जातो. ती वाट दिग्दर्शकानं रचलेली आहे, प्रसंगही मांडून चित्रित केलेले. संवाद जवळजवळ नाहीत, तेव्हा मोबाइलच्या स्पीकरवर बघण्यात अर्थ नाही, हेडफोन घ्या.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे 'स्वच्छंद भटके' ही कल्पना. रोमानियात, म्हणजे तेव्हाच्या वालाकिया आणि मोल्डाव्हियात, १८५० च्या दशकापर्यंत रोमा लोक गुलाम होते. मालकी दरबाराची, मठांची नाहीतर जमीनदारांची. ज्याला विकता येतं तो कुठला स्वच्छंद? आज तर बहुतेक कुटुंबं पिढ्यान्पिढ्या एका जागी राहतात. 'गाजो दिलो'त भटकतोय तो फ्रेंच पोरगा. रोमांची घरं आहेत, आणि शेजारचे रोमानियन ती पेटवून देतात. नाचगाण्याच्या नादात हे विसरलात तर पुढचं दृश्य विचित्र वाटेल.

म्हणून श्रेयनामावली येईपर्यंत उठू नका. पोरानं एव्हाना वस्तीतली कितीतरी गाणी टेप करून ठेवलीत. रस्त्याकडेला गाडी थांबवून तो त्या सगळ्या कॅसेट फोडतो, खड्ड्यात पुरतो आणि वर नाचतो. गाडीतून सबीना, वस्तीतली त्याची प्रेयसी, बघत असते.