आधी ऑर्डरी, मग दुकान: इंग्लंडमध्ये खाण्याचा धंदा उभा करताना

इंग्लंडमध्ये खाण्याचा धंदा सुरू करायचाय असं कोणी म्हणालं की मी सगळ्यात आधी व्हिसा कोणता आहे ते विचारते. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही आणि घरून डबे विकणं हासुद्धा धंदाच धरतात. स्किल्ड वर्कर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसावरही बंधनं असतात, पण त्याच्या जोडीदाराला डिपेंडंट म्हणून स्वतःचा व्यवसाय करता येतो. शिक्षणानंतर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावरही करता येतो. आम्ही साताऱ्याहून लंडनजवळच्या स्लाऊला आलो तेव्हा नोकरी नवऱ्याची होती, म्हणून धंदा माझ्या नावावर सुरू झाला. नियम बदलत राहतात, तेव्हा ओळखीतल्या कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका. सरकारी संकेतस्थळावर आपल्या व्हिसाच्या अटी स्वतः वाचा.

दुसरी गोष्ट मी अगदी आग्रहाने सांगते. दुकान नंतर घ्या, आधी केटरिंग करा. इथे येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाटी, टेबलं, गल्ला असं चित्र असतं. त्या चित्रापायी साठवलेली सगळी पुंजी भाड्यात आणि फर्निचरमध्ये घालून वर्षभरात हात पोळलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या हाताला चव नव्हती असं मुळीच नाही.

हे आजचंच नाही. शेख दीन मुहम्मद या मूळच्या पाटण्याच्या माणसाने १८१० मध्ये लंडनमध्ये 'हिंदुस्थानी कॉफी हाउस' काढलं. उच्चभ्रू वस्ती, वेताच्या खुर्च्या, हुक्क्याची वेगळी खोली, सगळा थाट होता. घरपोच जेवण पाठवण्याची जाहिरातही त्याने केली होती. तरी १८१२ मध्ये दिवाळं निघालं. खर्च मोठा, आणि हिंदुस्थानातून परतलेल्या ज्या साहेबांवर त्याची भिस्त होती त्यांच्या घरी स्वतःचे आचारी होते. दोनशे वर्षांनी, २०१० मध्ये, सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या मुंबईच्या दोन मित्रांनी लंडनच्या हाउन्स्लोमध्ये वडापाव विकायला सुरुवात केली, ती दुसऱ्याच्या आइस्क्रीमच्या दुकानात थोडीशी जागा घेऊन. तेच पुढे 'श्रीकृष्ण वडापाव' म्हणून नावारूपाला आलं. आणि या वडापावच्याही कितीतरी आधी यवतमाळकडच्या राधाबाई वनारसे, ज्यांना सगळे लंडनच्या आजीबाई म्हणत, त्यांनी घरातच माणसांना जेवूखाऊ घालत आपला जम बसवला. मी या तीन गोष्टी एकत्र सांगते त्या जागेच्या खर्चासाठी. गिऱ्हाईक कोण, ते किती वेळा येणार, हे कळायच्या आधी भाडं सुरू झालं की ते भाडंच धंदा चालवायला लागतं.

सुरुवात करणं कागदोपत्री तसं सोपं आहे. धंदा सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी आपल्या कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, खाद्यव्यवसाय म्हणून नोंदणी करायची. ती फुकट असते आणि नाकारली जात नाही. घरचं स्वयंपाकघर असलं तरी नोंदणी लागतेच. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाची परवानगी घ्या आणि पब्लिक लायबिलिटी विमा (गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाईसाठी) काढा. अन्नस्वच्छतेचा लेव्हल २ चा ऑनलाइन कोर्स फार वेळ खात नाही. 'सेफर फूड, बेटर बिझनेस' नावाची सरकारी वही मिळते, ती नुसती छापून ठेवू नका, भरा.

कारण मग एके दिवशी न कळवता तपासणीला अधिकारी येतात. आमच्याकडे आलेल्या बाईंनी हसून नमस्कार केला, हात धुतले आणि थेट थर्मामीटर मागितला. तो कसा पुसता, उकळत्या पाण्यात आणि बर्फात धरून कधी तपासला, फ्रिजचं तापमान रोज कोण लिहितं, हे सगळं विचारलं. भांडी घासायच्या सिंकखेरीज हात धुवायचं वेगळं बेसिन आहे का ते पाहिलं. ० ते ५ असं जे रेटिंग मिळतं ते तीन गोष्टींवर ठरतं: अन्न हाताळण्याची पद्धत, जागेची स्थिती आणि व्यवस्थापन, म्हणजेच नोंदी. आपली माणसं स्वच्छतेत सहसा मार खात नाहीत, तिसऱ्यात खातात. वेल्समध्ये हे रेटिंग दारावर लावणं बंधनकारक आहे, इंग्लंडमध्ये नाही, पण गिऱ्हाईक ते ऑनलाइन बघतं आणि हॉलवालेही विचारतात.

आता ज्या विषयावर मी सगळ्यात जास्त वेळ घेते तो ॲलर्जीचा. इथे कायद्याने १४ पदार्थांची यादी ठरवलेली आहे आणि त्यातले निम्मे तरी आपल्या मिसळणाच्या डब्याच्या आसपासच सापडतात. मोहरी आहे, म्हणजे फोडणी आली. तीळ आहेत, म्हणजे गोडा मसाला आला. शेंगदाणे आहेत, म्हणजे दाण्याचं कूट पडणारी प्रत्येक कोशिंबीर आणि आमटी आली. दूध आहे, म्हणजे वरून सोडलेलं तूपही आलं. काजू-बदाम आहेत. गहू आहे, आणि हा गहू सगळ्यात फसवा. बाजारातलं डबीबंद हिंग बहुधा पिठात मिसळलेलं असतं आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. 'आमची डाळ ग्लुटेनमुक्त आहे' असं म्हणून वाढायची आणि फोडणीत चिमूटभर हिंग टाकायचं, म्हणजे सिलिॲकचा त्रास असलेल्या, ज्याला ग्लुटेन सोसतच नाही अशा माणसाला आजारी पाडणं. तांदळाच्या पिठात केलेलं हिंग मिळतं, ते शोधा, डबीवरची बारीक अक्षरं वाचा आणि डबी बदलली की पुन्हा वाचा.

उकडीच्या मोदकाचं उदाहरण घ्या. तांदूळ, नारळ, गूळ, तूप, वेलची. नारळ त्या १४ मध्ये नाही. तूप आहे. पण सुकं खोबरं वापरलंत किंवा पिवळाधमक गूळ घेतलात तर त्यात रंग आणि टिकाऊपणासाठी घातलेलं सल्फाइट असू शकतं, आणि सल्फाइट यादीत आहे. प्रत्येक पदार्थाचा असा तक्ता करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा आणि ऑर्डर घेतानाच लेखी विचारा.

चिवडा, चकली, लाडू आधी पिशवीत भरून आपल्याच जागेवरून विकत असाल तर त्या पिशवीवर सगळे घटक आणि ठळक अक्षरांत ॲलर्जीचे पदार्थ लिहावे लागतात. याला 'नताशाचा कायदा' म्हणतात, तो १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. नताशा एडनान-लापेरूझ ही १५ वर्षांची मुलगी २०१६ मध्ये विमानतळावर घेतलेलं सँडविच खाऊन दगावली. पावाच्या कणकेत तीळ होते आणि वेष्टणावर त्यांचा उल्लेख नव्हता. आपण ज्या सहजपणे तीळ भुरभुरतो ते आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो. नवीन आलेल्या प्रत्येक मदतनिसाला मी मिरची चिरायला शिकवण्याआधी ही हकिगत सांगते.

तापमानाचंही तसंच. गरम पदार्थ ६३ अंशांच्या वर, थंड पदार्थ ८ च्या खाली, आणि मधला पट्टा धोक्याचा. इंग्लंडात शिजवलेलं किंवा पुन्हा गरम केलेलं अन्न मधोमध ७५ अंशांपर्यंत गेलं की निर्धास्त राहता येतं. गरम अन्न ६३ च्या खाली एकदाच आणि दोन तासांपर्यंत ठेवायची सवलत आहे, त्यानंतर ते टाकायचं किंवा लगेच थंड करायचं. मंडळाच्या कार्यक्रमात हा नियम कसाला लागतो, कारण भाषणं लांबतात. आयोजक म्हणतात, 'ताई, अर्ध्या तासात आलोच', आणि तास होतो. म्हणून आम्ही वडे तळून नेत नाही. सारण गोळे करून थंड नेतो, पीठ जागेवर कालवतो आणि पंगत उठायला लागली की कढई चढवतो. हॉलमध्ये तळायची परवानगी आहे का, हे मात्र आधी लेखी घ्या. शाळांच्या हॉलमध्ये बहुधा नसते. तिथे मेन्यूत वड्याऐवजी पुरणपोळी, मसालेभात, भरली वांगी असं गरम करून वाढता येईल ते ठेवायचं.

भाताबद्दल जादा काळजी घ्या. शिजवलेला भात मोठ्या पातेल्यात तसाच गार होत राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आम्ही भात परातीत, ट्रेमध्ये पातळ पसरतो, तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाकतो. शक्य असेल तेव्हा त्याच दिवशी शिजवतो.

पैशाचं बोलू. माणशी १५ पौंड दर ठरवला आणि व्हॅटची नोंदणी असेल तर त्यातले अडीच पौंड सरकारचे, तुमच्या हाती साडेबारा. केटरिंगवर २० टक्के व्हॅट लागतो. मेख अशी की आपण विकत घेतो ते तांदूळ, डाळ, भाजी, पीठ यांवर व्हॅट शून्य असतो, त्यामुळे खरेदीवरचा परत मागायला फारसं काही हातात नसतं. नोंदणी सक्तीची होते ती ९० हजार पौंड उलाढालीला, आणि ही उलाढाल आर्थिक वर्षाची नाही तर मागच्या कुठल्याही सलग १२ महिन्यांची धरतात. गणपती, दिवाळी आणि एखादं मोठं लग्न एकापाठोपाठ आलं की आकडा कधी ओलांडला ते कळत नाही. म्हणून महिन्याच्या महिन्याला बेरीज करा. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवसापासून दर असा ठेवा की उद्या व्हॅट लागला तरी तो पेलेल. 'आपलेच लोक आहेत' म्हणून स्वस्तात दिलेला दर पुढे वाढवणं फार जड जातं.

दर काढताना जिन्नस धरतात आणि हात विसरतात. मोदकात तांदूळ-गूळ-खोबऱ्याचा खर्च किरकोळ असतो, खरी किंमत कळ्या काढणाऱ्या बाईच्या वेळेची असते. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षं आणि त्यावरच्या माणसाचा किमान दर तासाला १२.२१ पौंड झाला होता आणि हा आकडा दर एप्रिलला बदलतो, तेव्हा चालू दर बघून घ्या. आपल्याकडची सराईत बाई तासाला किती मोदक वळते ते घड्याळ लावून मोजा, मग दर सांगा. स्वतःचा वेळही याच दराने धरा, घरचीच मी म्हणून फुकट धरू नका. पुढे तुमच्या जागी माणूस ठेवायची वेळ आली की तो हिशेब लगेच उघडा पडतो.

माणसं ठेवताना एकच सांगते. कामाचा हक्क तपासल्याशिवाय आणि त्याची नोंद ठेवल्याशिवाय एक दिवसही कोणाला उभं करू नका. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. 'रोख देऊ, कोण बघतंय' हा सल्ला इथे सर्रास मिळतो. त्यात आपल्याला पहिल्याच वेळी माणसामागे ४५ हजार पौंडांपर्यंत, पुन्हा सापडलो तर ६० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्या पोराचा व्हिसा जातो. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याच्या मुलाचं आयुष्य पणाला लावणं मला तरी मान्य नाही. पहिला माणूस ठेवलात की एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमाही (कामगाराला इजा झाली तर भरपाईसाठी) कायद्याने हवा.

घरचा ओटा अपुरा पडू लागला की तासावर भाड्याने मिळणारं व्यावसायिक स्वयंपाकघर शोधा. तिथे वॉक-इन फ्रिज, मोठ्या शेगड्या आणि धूर ओढणारी यंत्रणा असते. आपल्या फोडणीचा ठसका इतर भाडेकरूंना सोसत नाही, तेव्हा पहाटेच्या वेळा मागून घ्या, त्या बहुधा स्वस्तही असतात. वापरलेलं तेल नाल्यात ओतू नका, ते नेणारे परवानाधारक लोक असतात, त्यांची पावती जपून ठेवा.

दुकानाचा विचार करायचा तो ठरलेली गिऱ्हाइकं महिन्याच्या महिन्याला परत यायला लागल्यावर. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून साधं दुकान आणि बसून खायचं हॉटेल एकाच वापरवर्गात येतात, त्यामुळे वापर बदलण्याची परवानगी सहसा लागत नाही. पण मुख्यतः गरम टेकअवे विकणार असाल तर तो वेगळा वर्ग आहे, आणि भिंतीबाहेरून धुराडं न्यायचं तर त्याची परवानगी वेगळी. धुराडं नसलेली जागा स्वस्त दिसते, पण वडे तळणाऱ्याने तिकडे फिरकू नये. करारात दुरुस्तीची सगळी जबाबदारी, अगदी छपरासकट, भाडेकरूवर टाकलेली असते, ते वाचा. मधेच करार सोडण्याचं कलम मागा. वकिलाची फी इथे वाचवू नका. रात्री ११ नंतर गरम खाणं विकायचं तर त्याचाही परवाना लागतो.

भाडं बहुधा तिमाहीचं आगाऊ असतं आणि त्याचे पारंपरिक दिवस ठरलेले आहेत: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर, २५ डिसेंबर. नाताळच्या दिवशी हप्ता जातो आणि पाठोपाठ जानेवारी येतो, जेव्हा लोक बाहेर खाणं कमी करतात आणि आमच्या दुकानातली टेबलं आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकामी असतात. त्या तीन महिन्यांत आमच्याकडे संक्रांतीचे तिळगूळ जातात, हळदीकुंकवाचे डबे, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीचं जेवण, आणि पाडवा लवकर आला तर त्याच्या श्रीखंडाच्या ऑर्डरी. २५ मार्चचा हप्ता आम्ही त्यातून भरतो.