खाडी राखायला सीएसआर निधी: कोळीवाड्याने अर्ज कसा करावा

कोळीवाड्यात संस्था असतेच, पण ती बहुधा मच्छिमार सहकारी संस्था. डिझेल-बर्फाच्या व्यवहाराला ती उत्तम. खाडीच्या सफाईसाठी मिळणाऱ्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्चायच्या, पैशाला मात्र चालत नाही. कंपनी काम सोपवू शकते ते नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ (ना-नफा) कंपनीला. त्यांच्याकडे आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) व ८०जी (देणगीदाराला सवलत) नोंदणी, कंपनी मंत्रालयाकडच्या नोंदणीचा सीएसआर-१ क्रमांक आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. अर्ज अडतात ते इथेच.

म्हणून दोन गोष्टी एकदम सुरू करा. किमान ७ जणांची सोसायटी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा; तिच्या नावावर काम सुरू झालं की अनुभवाची ३ वर्षे मोजायला लागतात. तोवर पात्र असलेल्या एखाद्या संस्थेशी करार करा. करारात स्पष्ट लिहून घ्या: कामाची जागा आणि दिवस कोळीवाडा ठरवेल, मजुरी थेट काम करणाऱ्याच्या बँक खात्यात जाईल, फोटो आणि आकडे दोघांचे राहतील. तोंडी ठरलं तर पुढे वाडीचं नाव फक्त बॅनरवर उरतं.

आधीच्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी असलेली कंपनीही कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येते, म्हणजे तिला सीएसआर लागू होतो. तेव्हा नरिमन पॉइंटच्या बड्यांच्या मागे न लागता जवळच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी करा. डिसेंबर-जानेवारीत पुढच्या आर्थिक वर्षासाठी प्रस्ताव द्या. फेब्रुवारीत कोणी ‘मार्चआधी खर्च करा’ म्हणत आलं, तर त्यातून हातमोजे, वजनकाटे, पोती घ्या; वर्षभराचं काम त्या घाईत अंगावर घेऊ नका.

खरी मेख अंदाजपत्रकात आहे. ‘स्वयंसेवक’ म्हणून आपली माणसं फुकट दाखवू नका. मासेमारी सोडून खाडीत उतरलेल्याचा बुडालेला दिवस, होडीचं भाडं, डिझेल, पोती, गमबूट, टिटॅनसचं इंजेक्शन आणि कचरा उचलणारी गाडी, सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहा. गाडी हमखास विसरली जाते; मग किनाऱ्यावर रचलेली पोती पुढच्या उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) परत पाण्यात. तिवरांतली (कांदळवनातली) सफाई ओहोटीतच होते, म्हणजे एका दिवसात जेमतेम ३-४ तास हाती लागतात. दिवसांचा हिशेब त्यावर करा, आठ तासांवर नव्हे. उधाणाच्या ओहोटीला पाणी लांबवर हटतं, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरती-ओहोटीला) तेवढं नाही. तारखा तिथी पाहून लावा. हे कंपनीच्या माणसाला ठाऊक नसतं, प्रस्तावात दोन ओळींत समजावून सांगा.

कांदळवनात काहीही करण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्या आणि प्रत जोडा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानुसार सभोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला बंदी आहे. जाळी ठेवायची शेडसुद्धा प्रस्तावात घालू नका. कंपन्यांना रोपं लावायचा सोस असतो. उघड्या चिखलावर लावलेली तिवरं बहुधा तगत नाहीत, शिवाय पक्ष्यांची चरण्याची जागा जाते. त्याऐवजी पाण्याची अडलेली वाट मोकळी करून द्या. बी आपोआप येतं.

अहवालासाठी ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो त्याच जागेवरून, भरती-ओहोटीच्या त्याच टप्प्याला काढा. नाहीतर पाणी चढलेलं आणि कचरा बुडालेला फोटो पाहून तपासणारा शंका घेतो, आणि त्याचं बरोबरच असतं. जाळ्या आणि प्लास्टिक पाणी निथळल्यावर तोला. ओल्या गाळाचं वजन धरलं, तर पुढच्या वर्षीचा आकडा घसरलेला दिसेल. मजुरीच्या नोंदवहीवर त्याच दिवशी सह्या घ्या. चार्टर्ड अकाउंटंटचा विनियोग दाखला (पैसे ठरल्याप्रमाणे खर्चल्याचा) त्याच वहीवरून निघतो, आणि दुसरा हप्ता त्या दाखल्यावर.